पाच ‘हाव’ आणि एक ‘नाइस’

चार जुनी माणसं एका जागी बसली की किस्से काढावे लागत नाहीत, ते आपले आपणच निघतात. आणि एकाची शेपटी दुसऱ्याच्या हातात! आमच्या कोशमंडळाचे तर इतके साठलेत की शेवटी कोश निघाला बारीकसा आणि किस्से झाले जाडजूड. त्यातले निम्मेअधिक एकाच शब्दाचे. शब्द इंग्रजी, साधा, तिसरी-चौथीतल्या पोराला येणारा. नाइस!

गोष्ट सत्तरच्या दशकातली, नागपूरची. हिवरकर सर जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. त्यांच्या डोक्यात एकच होतं, आपल्या इकडच्या शाळांतल्या पोरांसाठी इंग्रजी-मराठी कोश करायचा. असा, की त्यातला अर्थ समजायला दुसरा कोश उघडावा लागू नये. दर रविवारी सकाळी सक्करदऱ्याला त्यांच्या घरी, पुढच्या खोलीत, आम्ही पाच जण बसायचो. सर स्वतः, टपाल खात्यातले गजभिये, धंतोलीच्या शाळेतल्या शैलाताई, महालात छापखाना असलेले बापू ठवकर, आणि नवा नवा लेक्चरर झालेला मी.

सरांचा नियम कडक होता. प्रत्येक अर्थ चिठ्ठीवर लिहायचा, मोठ्यानं वाचायचा, आणि पाचही जणांनी ‘हाव’ म्हटलं तरच तो पास! आमच्याकडे ‘हो’ला ‘हाव’ म्हणतात. चार ‘हाव’ आणि एक ‘नाही’ झालं की चिठ्ठी परत. सर अध्यक्ष असले तरी त्यांचीही ‘हाव’ एकच.

‘नाइस’ पहिल्यांदा टेबलावर आला तेव्हा काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, गरम आलूबोंडे घेऊन आल्या होत्या. सर म्हणाले, ‘‘हा सोपा आहे. खाता खाता होऊन जाईल.’’

शैलाताई म्हणाल्या, ‘‘छान.’’

गजभिये म्हणाले, ‘‘अन् इंग्रज जेव्हा ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणते, तेव्हा काय छान फरक म्हणाचं? तिथं तर तो बारीक फरक असते!’’

मी म्हटलं, ‘‘मग ‘नाइस बॉय’ म्हणजे बारीक मुलगा का?’’

बापू बोंडा तोंडात ठेवूनच म्हणाले, ‘‘नाइस म्हणजे नाइस! माझी कामवाली बाईही नाइस म्हणते. कशाले अर्थ पायजे त्याले?’’

आलूबोंडे संपले, जेवणाची वेळ झाली, शब्द तिथेच! सरांनी चिठ्ठी बाजूला ठेवली. त्या बाजूला ठेवलेल्या चिठ्ठीनं पुढे दोन उन्हाळे पाहिले.

*

एका रविवारी शैलाताई धापा टाकत आल्या. कॉलेजच्या लायब्ररीत बसून त्यांनी मोठ्या इंग्रजी कोशातून ‘नाइस’चं मूळ शोधून काढलं होतं.

‘‘सर, हा शब्द मूळचा लॅटिन! आणि अर्थ माहितेय? अडाणी! ज्याला काही कळत नाही तो! तिथून फ्रेंचमध्ये गेला, इंग्रजीत आला तेव्हा मूर्ख झाला. मग नखरेल झाला, मग नाजूक, मग काटेकोर, आणि शेवटी कुठं चांगला झाला!’’

इतका साधा शब्द, आणि एवढी मोठी उलाढाल!

सरांना तर इतका आनंद झाला की ते उठून खोलीत फेऱ्या मारायला लागले. ‘‘पाहा! अडाणी म्हणून जन्माला आला आणि माणसांत राहून राहून चांगला झाला. याचा अर्थ घाईनं लावायचा नाही गा.’’

बापू मात्र विचारात पडले होते. शेवटी म्हणाले, ‘‘सर, आमच्या जावयाचं नेमकं उलटं झालं. लग्नात चांगला होता!’’

*

सरांची आणखी एक पद्धत होती. अडलेला शब्द घरी न्यायचा. म्हणजे आठवडाभर तो अर्थ घरादारात वापरून पाहायचा, लोक काय करतात ते रविवारी येऊन सांगायचं. ‘‘शब्द कागदावर शहाणा वाटतो. माणसांत सोडला की खरं कळते,’’ असं त्यांचं म्हणणं.

‘नाइस’साठी त्यांनी शब्द वाटून दिले. बापूंना ‘सुरेख’, गजभियेंना ‘मनमिळाऊ’, शैलाताईंना ‘गोड’, मला ‘छान’.

बापूंनी त्याच दिवशी दुपारी जेवताना बायकोला म्हटलं, ‘‘भाजी सुरेख झाली.’’ बाईंनी हातातली पोळी खाली ठेवली, बापूंच्या कपाळाला हात लावला आणि शेजारच्या डॉक्टरांकडे निरोप धाडला. ताप नाही म्हटल्यावर त्यांना जास्तच काळजी लागली. ‘‘खरं खरं सांगा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘काय करून आले?’’

गजभियेंनी आपल्या साहेबांना गाठलं. गजभिये त्यांच्या घरातले पहिले मॅट्रिक, बोलायला सावध, कधी कोणाची खोटी तारीफ करायचे नाहीत. ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, ‘‘साहेब, तुमचा स्वभाव मोठा मनमिळाऊ आहे.’’ साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘‘सुट्टी पाहिजे तर सरळ मागा ना गजभिये, येवढं कशाला?’’ आणि दोन दिवसांची रजा मंजूर! ते दोन दिवस गजभिये सरांकडे बसून बाकीचं काम करत राहिले.

शैलाताईंनी वर्गातल्या सगळ्यात दांडगट पोराला ‘‘किती गोड आहेस रे!’’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत हजर. ‘‘बाई, त्यानं कोनाचं डोकं फोडलं तेवढं सांगून द्या!’’

मी ‘छान’ म्हणत होतो, पण छान मी आधीही म्हणत असे. माझ्याकडे कोणाचं लक्षही गेलं नाही.

हसून हसून पुरेवाट झाली. मग शैलाताईंनी विचारलं, ‘‘सर, तुम्ही कोणता शब्द घरी नेला?’’

सर म्हणाले, ‘‘मी अध्यक्ष आहे.’’

चहाचा ट्रे घेऊन काकू दारातच होत्या. काकू काटोलकडच्या शेतकऱ्याची मुलगी, बोलायला रोखठोक. ट्रे ठेवत म्हणाल्या, ‘‘त्याईले कशाले देता वं शैलाताई? घरी त्याईले एकच येते. ‘मीठ बरोबर आहे.’ ज्या दिवशी लय आवडलं त्या दिवशी म्हनते, ‘आज मीठ बरोबर आहे.’’’

आम्ही हसलो, काकूही हसल्या. सरांनी पुढची चिठ्ठी उचलली.

*

माझं लग्न याच शब्दानं जवळजवळ मोडलं होतं!

मुलगी हुडकेश्वरची. हुडकेश्वर तेव्हा सरळ सरळ खेडं होतं. माझे वडील नव्हते, म्हणून वडीलधारे म्हणून सर आणि बापू बरोबर आले. पोहे झाले, मुलगी पाहून झाली, ती आत गेली. तिचे वडील हात चोळत म्हणाले, ‘‘मग? कशी काय वाटली आमची नलिनी?’’

मला लाजेनं मराठीच सुचेना. तोंडातून निघून गेलं, ‘‘नाइस!’’

त्यांचा चेहरा खुलला. पण तेवढ्यात सरांनी हात वर केला. ‘‘थांबा. तो शब्द अजून पास नाही झाला.’’

‘‘पास नाही म्हणजे?’’

‘‘म्हणजे त्याचा अर्थ आमच्यात अजून ठरायचा आहे.’’

मुलीच्या वडिलांनी घाबरून मुलीच्या मामांना बोलावलं. मामा आले, बसले. इकडे बापू म्हणाले, ‘‘सर, इथं ‘मनमिळाऊ’ लावून देऊ.’’

सर म्हणाले, ‘‘पोरगी दोन शब्द बोलली नाही. मनमिळाऊ कशावरून?’’

‘‘मग ‘सुरेख’.’’

‘‘सुरेख म्हटलं तर स्वभाव वाऱ्यावर सोडला असं होईल.’’

‘‘मग सर, ‘गोड’ काहून नाही?’’

‘‘गोड पोराले म्हणतात गा. ही मॅट्रिक आहे!’’

माझ्या सासऱ्यांना, तेव्हा व्हायचे होते ते, घाम फुटला. मामांनी हळूच मला विचारलं, ‘‘काही कमी-जास्त आहे का मुलीत?’’ मी मान हलवली, पण हो की नाही ते मलाच कळलं नाही. आणि हे दोघं एकमेकांच्या अंगावर चिठ्ठ्या नसताना चिठ्ठ्या टाकत असल्यासारखे भांडत होते. दुसऱ्यांदा आलेले पोहेही गार झाले.

शेवटी पडदा सरकला आणि नलिनी बाहेर आली. ‘‘बाबा, मले पसंत आहे म्हणून सांगून द्या. त्याईचा अर्थ निंगन तवा निंगन!’’

सर इतके खूश झाले की तिथल्या तिथे म्हणाले, ‘‘हाव!’’ बापूंनीही ‘हाव’ म्हटलं. माझी ‘हाव’ कोणी विचारलीच नाही!

*

आता जरा वेगळा किस्सा. हा आम्ही हसत सांगत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सरांचा एक डोळा पूर्वीच गेला होता. मोतीबिंदू काढला, ऑपरेशन बिघडलं. आता दुसऱ्यावरही पडदा येत होता, पण सरांनी आम्हाला कळू दिलं नव्हतं. एका रविवारी ते एकेक चिठ्ठी उचलून भरभर वाचत होते. गजभिये समोर बसले होते. सरांनी चिठ्ठी डोळ्यांपुढे धरली, शब्द म्हटला, अर्थ म्हटला, सगळं बिनचूक. फक्त लिहिलेली बाजू गजभियेंकडे होती! सरांकडे कोरा कागद होता. ते पाठ केलेलं म्हणत होते.

बैठक संपल्यावर सक्करदऱ्याच्या तलावाजवळ गजभियेंनी सायकल थांबवली आणि आम्हाला सांगितलं.

काकूंना विचारलं तेव्हा कळलं, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, सर टाळताहेत. हाही डोळा गेला तर? तर ज्या कोशासाठी एवढी वर्षं घातली तो छापलेला त्यांना दिसणारच नव्हता. बापू म्हणाले, ‘‘आता घाई कराले पायजे गा. ऑपरेशनच्या आधी पुस्तक हातात द्याचं.’’

*

घाई करायची म्हणजे ‘नाइस’ निकालात काढायचा! कारण सगळा छापखाना त्याच्यापाशी अडला होता.

तेव्हा शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा जुळवून पान तयार करायचे. बापूंच्या प्रेसमध्ये इंग्रजी खिळे आधीच थोडे. ‘एन’चं पान ‘नाइस’पर्यंत जुळवून बांधून ठेवलं होतं, आणि पाचही ‘हाव’ आल्याशिवाय छापून खिळे मोकळे करता येत नव्हते. त्यात रामदासपेठेतले एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका इंग्रजीत छापायची म्हणून आले.

बापू म्हणाले, ‘‘नाही जमणार. इंग्रजी खिळे ‘नाइस’मध्ये अडकून राहिले.’’

‘‘कशात?’’

‘‘नाइसमध्ये! अर्थ लागला की सुटतील.’’

गृहस्थ थोडा वेळ बापूंकडे पाहत उभे राहिले आणि मग मुकाट्यानं मराठीत पत्रिका छापून घेऊन गेले.

तर आम्ही चौघांनी तलावाजवळ कट केला. येत्या रविवारी सर जो अर्थ वाचतील त्याला डोळे मिटून ‘हाव’ म्हणायचं. भांडायचं नाही.

रविवार आला. सर म्हणाले, ‘‘नाइस. छान.’’

‘‘हाव!’’ ‘‘हाव!’’ ‘‘हाव!’’ ‘‘हाव!’’

सर थांबले. म्हणाले, ‘‘सुरेख.’’ पुन्हा चार ‘हाव’!

सरांनी चिठ्ठी खाली ठेवली. ‘‘कोणी मेलं का?’’

‘‘नाही सर.’’

‘‘मग भांडण कुठं आहे?’’

शैलाताईंना रडू फुटलं. मग सरांना सगळं समजलं. मला वाटलं, चिडतील. चिडले नाहीत. फक्त म्हणाले, ‘‘माझ्या डोळ्यासाठी शब्द पास करता का गा? उद्या एखादं पोरगं हे पान उघडेल, त्याला माझ्या डोळ्याचं काय सांगाल?’’ आणि मग जोरात, ‘‘चला! भांडा!’’

आम्ही भांडलो. असे भांडलो की शेजारचे डोकावून गेले. शेवटी एका कागदावर पाच अर्थ उतरले. छान, सुरेख, गोड, मनमिळाऊ, आणि फरकाच्या बाबतीत बारीक. आमच्या चार ‘हाव’ खऱ्या होत्या, मनापासूनच्या. सर मात्र म्हणाले, ‘‘माझी राहू द्या. मला अजून काहीतरी कमी वाटून राहिलं.’’

*

पुस्तक राहिलंच, पण आता लपवण्यासारखं काही नव्हतं; सर ऑपरेशनला तयार झाले. त्या काळी मोतीबिंदू काढला की डोळ्यांवर पट्टी बांधून माणसाला निजवून ठेवायचे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. म्हणून डॉक्टरांनी बापूंना खोलीच्या बाहेर उभं केलं!

दवाखान्यात जायच्या आधी सर काकूंकडे बोट करून म्हणाले होते, ‘‘काम थांबवायचं नाही. माझी ‘हाव’ मी हिच्याकडे देऊन जातो. ही म्हणेल ते मी म्हटलं. आणि पट्टी सुटली की मला पहिल्यांदा ‘नाइस’चं छापलेलं पान दाखवा. दिसलं तर दिसलं.’’

आम्हाला हायसं वाटलं. काकू काय, लगेच ‘हाव’ म्हणतील! रविवारी त्या दवाखान्यातून घरी आल्या, तशी आम्ही त्यांना सरांच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत. दाराशी भिंतीला टेकून बसल्या. शैलाताईंनी एकेक अर्थ वाचला, उदाहरण देऊन समजावला. काकूंनी पाचही नीट ऐकून घेतले.

‘‘झालं वं?’’

‘‘झालं काकू.’’

‘‘मग, नाई.’’

आम्हाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. बापू म्हणाले, ‘‘वहिनी, ‘हाव’ म्हणाचं आहे. पान अडकून राहिलं!’’

‘‘अडकू द्या,’’ काकू म्हणाल्या. ‘‘इतक्या वर्साचा संसार झाला. ह्या पाचातला एक शब्द त्याईनं मले कधी म्हटला नाई. मले कसा माहीत असन याचा अर्थ? अन् माहीत नसताना मी ‘हाव’ कशाले म्हनू? त्याईचाच नेम आहे ना, खोटी ‘हाव’ द्याची नाई?’’



संध्याकाळी आम्ही काकूंना घेऊन दवाखान्यात गेलो; त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. पट्टी सुटायला थोडेच दिवस राहिले होते, आणि उरलेलं पान जुळवून, छापून आणायचं होतं. गजभियेंनी पलंगाशी वाकून सरांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. सर डोळ्यांवर पट्टी, डोक्याला पिशव्या, सरळ निजलेले. मला भीती वाटली, रडले तर? डोळ्याला पाणी चालत नव्हतं.

मग म्हणाले, ‘‘तिला आत पाठवा. तुम्ही सगळे बाहेर व्हा.’’

आम्ही बाहेर आलो. दार लागलं. बापू दाराला कान लावायला गेले, शैलाताईंनी त्यांचा सदरा धरून मागे ओढलं. काही ऐकू आलं नाही.

दार उघडलं. काकू पदरानं तोंड पुसत बाहेर आल्या. आमच्याकडे न पाहता बापूंना म्हणाल्या, ‘‘हाव. छापून टाका.’’

बापू त्याच पावली महालात पळाले.

पट्टी सुटली त्या दिवशी डॉक्टरांनी सरांच्या डोळ्यावर जाड भिंगाचा तात्पुरता चष्मा धरला. बापूंनी पान पुढे केलं. सर म्हणाले, ‘‘थांब गा,’’ आणि पान बाजूला सारलं. पलंगाच्या पायथ्याशी काकू उभ्या होत्या. सर त्यांच्याकडे पाहत राहिले. मग पान हातात घेतलं, डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं.

‘‘बापू, दुसरी ओळ तिरपी लागली.’’

बापूंनी दवाखान्यात, सगळ्यांदेखत, सरांचे पाय धरले. गजभिये भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी आणि शैलाताई तर काय, आधीपासूनच रडत होतो.

काकू डबा आवरत होत्या. शैलाताईंनी पर्समधून पेन्सिल काढली आणि त्यांना हळूच विचारलं, ‘‘काकू, त्या दिवशी सरांनी आत कोणता शब्द म्हटला? पानात अजून जागा आहे.’’

काकूंनी डब्याचं झाकण दाबून लावलं.

‘‘तुमच्या कागदावर नोता तो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘अन् छापाचाही नाई.’’